गेलेल्यांच्या यादीत नसलेल्या

बीबीतलं आमचं घर खणांनी लहान आणि माणसांनी मोठं होतं. आबा, जिजी, तिघे भाऊ, त्यांच्या बायका, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली आत्या आणि आम्ही चुलत-सख्खी मिळून पोरांची अख्खी पंगत. आमच्यातला थोरला १९५८ चा, शेंडेफळ १९७४ चं. एका चुलीवरच्या भाकरी, एका रांजणाचं पाणी, एका कंदिलाभोवती अभ्यास आणि एकाच वेळी सगळ्यांना खरूज. आज त्या पंगतीतलं कुणी वाळूजला आहे, कुणी चाकणला, कुणी अकोल्यात, मी जालन्यात. एक भाचा कॅनडात आहे. बीबीत उरले ते धाकटा भाऊ आणि वहिनी. बाकी आम्ही बहुतेक तिथे दोन दिवसांचे पाहुणे. स्टँडवर उतरलं की हॉटेलवाला आधी विचारतो, "कधी आले?" आणि लगेच, "कधी जाता?"

बीबी लोणार तालुक्यात, मेहकरकडून सिंदखेडराजा आणि पुढे जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर. या रस्त्यामुळे गावाला दोन दिशा मिळाल्या. पूर्वेला मेहकर आणि पुढचा वऱ्हाड, पश्चिमेला जालना. आबा जालन्याला निघाले की "मोगलाईत चाललो" म्हणायचे, तेही मोगल जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि बुलढाणा जिल्हा त्या वऱ्हाडात आला. जालना, मंठा, परतूर निजामाकडेच राहिलं. काही कोसांवर राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, करोडगिरीच्या नाक्यावर गाडीतलं सामान उचकलं जायचं. १९५६ साली वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे ही रेघ कागदावरून पुसली गेली. बोलण्यातून ती अजून गेलेली नाही. मी जालन्यात नांदायला आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला माझी ओळख करून दिली ती "वऱ्हाडातली सून" अशी.

जिजीचं माहेर मंठ्याकडचं. म्हणजे ती लग्न होऊन आली ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. बैलगाडीतून, डोक्यावरून पदर घेऊन, वय बारा. आहेरात आलेले रुपये निजामाच्या हाली शिक्क्याचे. इकडच्या बाजारात इंग्रजी कलदार चाले. ते हाली रुपये मोडायला कुणीतरी जालन्याला जाईपर्यंत ते तिच्या पेटीत पडून होते. आपल्या पहिल्याच कमाईची अशी किंमत झाली, हे ती म्हातारपणीही हसत सांगायची. आता आम्ही ज्याला परदेशी चलन बदलणं म्हणतो ते आमच्या घरात पहिल्यांदा जिजीच्या नशिबी आलं, आणि तिच्याकडे ना पासपोर्ट होता ना कुणी तिला परदेशी गेली असं म्हटलं.

१९४८ साली तिच्या माहेरची माणसं बीबीला आली. रझाकारांच्या धुमाकुळात मराठवाड्यातली कित्येक कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आली होती. गाडीत धान्य, भांडी, म्हातारी माणसं. तरुण मुली मध्ये आणि बापे कडेने. आमच्या ओसरीवर आणि गोठ्यात मिळून ती मंडळी राहिली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला निजामाचं सैन्य शरण आलं, आणि हळूहळू बरेच जण परतले. काही इथेच राहिले. पुढे १९५१ साली जिनिव्हात निर्वासितांचा करार झाला आणि निर्वासित कुणाला म्हणायचं ते ठरलं: छळाच्या धास्तीने जो आपल्या देशाबाहेर पडला तो. भारताने त्या करारावर आजवर सही केलेली नाही. हे मला खूप नंतर, मुलाचा एमपीएससीचा अभ्यास घेताना कळलं. आमच्या घरात त्या मंडळींना शब्द एकच होता, "जिजीचे भाऊ".

मग १९७२ चा दुष्काळ. तेव्हा आम्ही मोठी पोरं दहा ते चौदा वर्षांची होतो, आणि आमच्या पिढीची खरी आठवण इथूनच सुरू होते. त्याच्या आधीच्या वर्षीही पावसाने ओढ दिली होतीच. विहिरीचा तळ दिसला, मग तळही कोरडा पडला. गुरं कवडीमोलाने गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी तव्यावरच तडकायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातली सगळी मोठी माणसं जायची आणि आम्हाला सुकडी मिळायची. सुकडीची चव आमच्यातल्या प्रत्येकाला अजून आठवते, आणि ती चांगली होती असंच प्रत्येक जण म्हणतो. माझी आई आणि दोन्ही काकू एका रांगेत बसून दगड फोडत. हातात हातोडी, शेजारी झोळीत पोर. जिजीला ते बघवायचं नाही, पण मजुरी बायकांच्या हातात पडायची, आणि घरातल्या सुनांनी स्वतःचे पैसे मोजलेले आम्ही तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

ती कामं नुसता दुष्काळ निभावण्यापुरती नव्हती, हे आज कळतं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून राज्यात रोजगार हमी योजना आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला गावातच काम द्यायचं, म्हणजे त्याला घर सोडून जावं लागणार नाही. जगभर माणसं का हलतात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय: एका बाजूने ढकलणारी कारणं, दुसऱ्या बाजूने ओढणारी. त्यातल्या ढकलणाऱ्या बाजूला सरकारने एवढा मोठा टेकू दिल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ इथलं. मी मराठी असल्याचा अभिमान फारसा मिरवत नाही, पण या एका गोष्टीवर मिरवते.

तरीही माणसं गेलीच. पहिले गेले मधले काका. आधी खामगावला जिनिंगमध्ये हंगामी काम केलं. खामगावला कापसामुळे १८७० पासून रेल्वे होती. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आमच्या चार पिढ्यांनी तिची फक्त वाट पाहिली आहे. रेल्वे असती तर आमच्या भागातली माणसं जवळच कामाला लागली असती की आणखी लवकर मुंबईला पोचली असती, यावर आमच्यात दर दिवाळीला वाद होतो. माझं मत दुसऱ्या बाजूचं. रस्ता झाला म्हणून गाव भरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

काका दुष्काळानंतर मुंबईला गेले. बीबीहून एसटीने जालना, तिथून तेव्हाच्या छोट्या गाडीने मनमाड, मनमाडला उतरून मोठी गाडी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि खाली उभ्या असलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावायचा, हा त्या प्रवासाचा नेहमीचा पहिला भाग. मुंबईत गावातलाच एक जण आधी गेलेला होता, त्याच्या खोलीत काकांना पथारी मिळाली. काकांच्या मागून त्यांचा मेहुणा गेला, मेहुण्यामागून शेजारचा. अशा साखळीला अभ्यासक साखळी स्थलांतरच म्हणतात. मेक्सिकोतल्या एका खेड्यातली माणसं शिकागोच्या एकाच गल्लीत सापडतात, तशी बीबी-किनगावची माणसं एकाच चाळीत.

काका गिरणीत बदली कामगार झाले. महिन्याला मनिऑर्डर यायची. पोस्टमन ओसरीवर बसायचा, आबा अंगठा द्यायचे, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरचा मजकूर आम्हा पोरांपैकी कुणीतरी मोठ्याने वाचायचं. "सर्व क्षेम. पैसे पोचल्याचे कळवावे. पेंड आणावी." काकूसाठी त्यात कधी एक शब्द नसायचा, सासऱ्याच्या नावाने आलेल्या कागदावर बायकोला काय लिहिणार? ती दाराआड उभी राहून ऐकायची आणि वाचणाऱ्याला नंतर हळूच विचारायची, "अजून काही न्हाई?" मी एकदा पदरचं एक वाक्य जोडून वाचलं होतं. ते तिला खरं वाटलं की नाही, मला कधी कळलं नाही. मात्र त्या दिवशी मला गुळाचा खडा मिळाला.

ते पैसे कुठे गेले? आधी सावकाराकडे, मग आत्याच्या औषधाला, मग थोरल्या बहिणीच्या लग्नाला, मग मातीची पुढची भिंत पाडून विटांची बांधायला, आणि शेवटी आम्हा मुलांच्या फीला. विहिरीचं काम राहूनच गेलं. परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशात भारत जगात पहिला आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ साली ही रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. तो आकडा वाचताना मला काकांचा फॉर्म आठवतो. पैसा कुवेतहून येवो की लालबागहून, घरात शिरल्यावर त्याची वाट बहुतेक सारखीच असते: कर्ज, दवाखाना, लग्न, भिंत, शाळा. घर सावरतं. गावात त्यातून नवीन काम उभं राहीलच असं नाही, आणि काम उभं राहिलं नाही की पुढच्या पोराचीही पिशवी भरावी लागते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. काका वर्षभराने परत आले, एक ट्रंक आणि मुंबईचं बोलणं घेऊन. त्यांना शेतात काम जमेना आणि आबांना त्यांचं चहाचं वेड परवडेना. संपानंतर तीन-चार वर्षांनी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती लहान कंपन्या उभ्या राहिल्या, आणि आमच्या पिढीतले मुलगे एकेक करून तिकडे सरकले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर. एका खोलीत आठ जण, दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच गादीवर. सात महिने काम, मग ब्रेक, म्हणजे कायम करावं लागू नये म्हणून कंपनीने घरी बसवायचं. पुढे चाकण, भोसरी, हिंजवडी. कॉटबेसिसवर जागा आणि मेसचा डबा. बीबीहून जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे येसर, उडदाचे पापड, कुरडया आणि तिळाची चटणी जायची. पोरं पुण्यात पगारावर जगली असतील, पण निम्मी चव तरी बीबीचीच होती.

आमच्या घराला थोडी तरी जमीन होती. ज्यांना तीही नव्हती ते दसऱ्यानंतर उसाला जायचे. शेजारच्या गल्लीतली चार-पाच घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून निघायची. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता एक, माणसं दोन, हा हिशोब आम्हाला लहानपणी विचित्र वाटायचा. आता तो चलाखीचा वाटतो, कारण त्या हिशोबात बाई स्वतंत्र मजूर म्हणून कुठे उरतच नाही. आमच्या वर्गातली दोन मुलं दर वर्षी दिवाळीनंतर हजेरीतून गळायची आणि उन्हाळ्यात परत दिसायची, अधिक काळी आणि अधिक मोठी झालेली. दुसऱ्या राज्यात मजूर नेणाऱ्यांवर बंधनं घालणारा कायदा १९७९ साली झाला. पण बुलढाण्याहून कोल्हापूर-सांगलीला जाणारा मजूर राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून त्याला तो कधी लागूच झाला नाही. जिजी एका दिवसात राज्य ओलांडून आली. ही माणसं चारशे-पाचशे किलोमीटर जाऊनही राज्यातच राहिली.

आमच्या थोरल्या भावाला निवृत्तीनंतर घराचा इतिहास लिहायची हौस आली. एका दिवाळीला त्याने वही काढली आणि "बीबीतून बाहेर गेलेले" असा मथळा टाकला. मधले काका, मेहुणा, मग वाळूजचे दोघं, चाकणचा एक, अकोल्याचा एक, भाचा. जिजी तेव्हा नव्वदीच्या घरात होती, दृष्टी गेलेली, कान शाबूत. तिने यादी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "सारे बापेच गेले काय रे? अन् आमी? आमी काय इठंच उगवलो व्हतो?"

वहीत दुसरा मथळा घातला गेला. जिजी मंठ्याहून. आई सिंदखेडराजाकडची. मोठी काकू चिखलीची, धाकटी मेहकरची. आम्ही बहिणी: जालना, देऊळगावराजा, वाशीम, पुणे. वाळूजच्या भावजया, ज्या आधी आपल्या गावाहून बीबीला आल्या आणि मग नवऱ्यामागे वाळूजला गेल्या, म्हणजे दोनदा. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब झाली. घरातल्या प्रत्येक बाईने निदान एकदा गाव सोडलं होतं, पुरुषांपैकी निम्म्यांनी.

यात आमच्या घराचं काही विशेष नाही. अर्न्स्ट रावेनस्टाईन नावाच्या गृहस्थाने १८८५ साली, ब्रिटनच्या जनगणनेवरून, स्थलांतराचे नियम मांडले. स्वतः फ्रँकफर्टहून लंडनला आलेला माणूस. बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत, जातात ती टप्प्याटप्प्याने. जाणाऱ्या प्रवाहाला येणारा उलट प्रवाह असतो. आणि जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. आपल्या २०११ च्या जनगणनेत जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडलेली माणसं ४५ कोटींवर भरली. त्यात दर तिघांत जवळपास दोन बायका, आणि सगळ्यात मोठं कारण लग्न. संयुक्त राष्ट्रसंघ जगभरातले आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारे लोक मोजतो, ते २०२४ साली ३० कोटींच्या थोडे वर होते. म्हणजे आपल्या एका देशात आतल्या आत हललेली माणसं जगभरच्या परदेशस्थांहून जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या प्रवासाला वरात म्हणतात.

लग्न हे कारण लिहिलं की बाकीचं सारं झाकलं जातं. माझी पुण्यातली बहीण १९९१ ला लग्न करून गेली. नवऱ्याचा पगार पुरेना म्हणून आधी घरी पोळीभाजीचे डबे केले, मग भोसरीला एका लहान कारखान्यात पॅकिंगला लागली आणि पंचवीस वर्षं तिथे होती. तिच्या पगारावर फ्लॅटचे हप्ते गेले. तिला कुणी विचारलं पुण्याला का आलीस, तर उत्तर लग्न. कागदावर ती कामगार म्हणून गेलेलीच नाही.

आणि मागे राहिलेल्यांचं काय? मधली काकू बारा वर्षं नवऱ्याशिवाय बीबीत राहिली. शेत तिने केलं: सालगडी ठरवणं, बी-बियाणं, सोंगणी, मोंढ्यावर जाऊन भाव पाहणं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून सोसायटीचं कर्ज तिला मिळेना; सहीला दर वेळी काका हवे. जगभर हे असंच चालतं म्हणतात. नेपाळ-फिलिपिन्सपासून आमच्यापर्यंत, एक जण गेला की घराचं ओझं दुसऱ्यावर येतं, आणि हक्क मात्र गेलेल्याकडेच राहतो. मला विचाराल तर स्थलांतराची खरी किंमत इथे मोजायला हवी. आमच्या भावांना वीस वर्षांचे होईपर्यंत कुणी वाढवलं? बीबीच्या जिल्हा परिषद शाळेने, सरकारी दवाखान्याच्या लसींनी, आणि चुलीपुढे बसलेल्या तीन बायकांनी. कारखान्याला ते तयार मिळाले. पाठ गेल्यावर पंचावन्नाव्या वर्षी त्यांतले दोघं परत बीबीला आले, आणि तेव्हा शेकायला पुन्हा वहिनीच होती. डॉक्टर-इंजिनियर परदेशी गेले की देशाचं नुकसान झालं म्हणून लेख येतात. तीच गोष्ट चाकणला गेलेल्या फिटरच्या बाबतीत घडली तर तिला विकास म्हणतात. दोन्हीकडे वाढवणाऱ्याचा खर्च एकच आहे.

रावेनस्टाईनचा उलट प्रवाह आम्ही नंतर पाहिला. सोयाबीनने कापसाची जागा घेतली तेव्हा सोंगणीला मेळघाटाकडची माणसं यायला लागली. आमची पोरं वाळूजला मशीनवर आणि आमच्या शेतात कोरकू बोलणारी कुटुंबं, असा तो काळ. समृद्धी महामार्गाचं काम आलं तसे उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशचे मजूर दुसरबीड-सिंदखेडराजाच्या पट्ट्यात दिसू लागले. बीबीच्या किराणा दुकानात खैनी आणि सत्तू मिळू लागलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तढेगावजवळ लोखंड आणि मजूर एकत्र भरलेला टिप्पर उलटून तेरा जण गेले. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी तिकडून जाऊन आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. आमची पोरं पुण्यात अशीच एखाद्या ट्रॉलीत बसून कामावर गेलेली आहेत, एवढंच तो म्हणाला.

त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा कुणालाच विसरता येणार नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्याच रस्त्याने माणसं चालत गेली. मुंबई-पुण्याहून निघालेली, छत्तीसगड, ओडिशाकडे. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायात तुटलेल्या चपला. वहिनी आणि शेजारणींनी रस्त्याकडेला माठ ठेवले, भाकरी-ठेचा ठेवला. त्याच वेळी पुण्याहून आलेल्या आपल्याच माणसांना गावांनी वेशीवर काट्या टाकून अडवलं. बीबीच्या आसपासही हे झालं. आमचा पुतण्या चौदा दिवस शाळेत झोपला, आणि घरून डबा घेऊन जाणारा लांबूनच तो ठेवून पळायचा. ८ मेच्या पहाटे जालना आणि औरंगाबादच्या मध्ये, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण. मध्य प्रदेशचे, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले. भुसावळला जाऊन घरची गाडी धरायला निघाले होते. मी जालन्यात राहते. ज्या सळया आमच्या घराच्या स्लॅबमध्ये आहेत त्या याच शहरातल्या. त्या कोण करतं हे मला तोवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. आता पोरं रात्री जेवून निघतात आणि सकाळी पुण्यात कामावर हजर. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सला आग लागून पंचवीस जण गेले. विदर्भातली नोकरीला, शिक्षणाला निघालेली मुलं होती त्यात. त्या रात्री आमच्या भागातल्या घराघरांतून पुण्याला फोन गेले, "तू पोचला का?" आमच्या पिढीला मनिऑर्डरचा तुकडा आठवडाभराने सांगायचा की माणूस बरा आहे. आता एका मिनिटात कळतं, आणि त्या एका मिनिटात जीव खालीवर होतो.

गावाचं रूप बदललं ते वेगळ्याच बाजूने. लग्नाच्या बायोडेटात आता मुलीकडचे दोन गोष्टी मागतात: नोकरी पुण्यात, शेती गावाकडे. शेती हवी, पण ती करणारा नवरा नको. बीबीत राहून नीट शेती करणाऱ्या पोरांची तिशी उलटते. म्हातारी माणसं मुलींना दोष देतात. मी नाही देत. ज्या घरांनी बायकांना खडी फोडताना आणि बारा वर्षं सहीसाठी थांबताना पाहिलं, त्या घरांतल्या मुलींनी शहाणपणाने निवड केली तर त्यात वावगं काय?

कॅनडातल्या भाच्याचं शिक्षण कर्जावर झालं, वाशीमकडच्या चार एकरांवर. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हा त्याच्या आईचा, माझ्या बहिणीचा फोन आला. तिला मर्यादा म्हणजे काय हे कळत नव्हतं, हप्ता कळत होता. घरं महाग झाली की तिथली माणसं बाहेरच्यांवर चिडतात, हे तिला समजावताना मला मुंबईतल्या काकांनी सांगितलेले पाणी भरण्याच्या नळावरचे टोमणे आठवले. चिडणाऱ्यांना काम करणारे हात हवे असतात, नळावर मात्र ती माणसं नको असतात.

आणि धाकट्या चुलतभावाची मुलगी नर्स आहे. सध्या जर्मन शिकते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला दहा हजार कुशल मुलं-मुली पाठवण्याचा. त्या देशाची माणसं म्हातारी होत चालली आहेत, सेवेला हात नाहीत. तिचं कधी जमेल, जमेल की नाही, देव जाणे. गेलीच तर आमच्या घरातून स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या नावावर गाव सोडणारी ती पहिली बाई असेल. थोरल्या भावाला मी सांगून ठेवलंय, तिचं नाव दोन्ही याद्यांत घाल.

पुढची जनगणना आता येते आहे. तिची मुख्य तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मागच्या जनगणनांसारखंच झालं तर प्रगणक दारात येऊन जन्म कुठला, आधी कुठे राहत होता, तिथून का आला हे विचारतील. अशा वेळी उत्तरं बहुधा घरातला पुरुष देतो, ओट्यावर बसून, बायकोच्या वतीनेही. माझी एवढीच विनंती आहे. त्या दिवशी घरातल्या बाईला बाहेर बोलवा, खुर्ची द्या, आणि तिचं उत्तर तिलाच देऊ द्या. लग्न म्हणाली तर लग्न लिहा. त्याच प्रश्नांमध्ये ती काय काम करते हेही विचारतात. तिथे मात्र "घरकाम" लिहून मोकळं व्हायच्या आधी तिला पुरतं बोलू द्या.